शिकार गेली, कुत्री राहिली

नाकाचं कुत्रं वेगळं आणि डोळ्याचं कुत्रं वेगळं. आमच्याकडे कुत्र्याची जात कुणी विचारत नसे, एवढंच विचारत. गावठी कुत्रं बहुधा नाकाचं. मान खाली घालून, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेकडेनं, तरवडाच्या बुडाशी हुंगत जाणारं. दिसण्यात काही दम नाही. पिवळट अंग, एक कान उभा, एक पडलेला. पण रात्री ससा कुठून आला, कुठे थांबला, कुठून वळला, हे सगळं पहाटेच्या दवात त्याला कळतं. डोळ्याचं कुत्रं म्हणजे कारवानी, किंवा अंगात थोडंफार कारवानी रक्त असलेलं. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, उंच पाय. त्याला वासाचं फारसं सोयरसुतक नसतं. ते मान वर करून उभं राहतं, लांब बघत, आणि समोर काही हललं की सुटतं. भर वेगात त्याचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. हे मी नंतर वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त फुफाटा दिसायचा.

कारवानी हे काही वऱ्हाडातलं कुत्रं नव्हे. लातूर-सोलापूरचा पट्टा, तिथून पुढे विजापूर-बागलकोट, हे त्याचं मूळ गणगोत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात राखली, वाढवली, म्हणून तिकडे तिला मुधोळ हाउंडच म्हणतात. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हे एक. पुढे लष्करानंही ती मेरठला नेऊन पारखली. आमच्या गावात मात्र ही कुत्री ना संस्थानातून आली, ना पलटणीतून. तांड्यावरचा एक मुकादम ऊसतोडीहून परतताना टोळीच्या ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर एक पिल्लू घेऊन आला. उचल फिटली की नाही माहीत नाही, पिल्लू मात्र आलं. त्याचं नाव बाण. आज आमच्या शिवारात जेवढी लांब तोंडाची कुत्री आहेत, त्यांचा आजा-पणजा तोच.

गाव कारंजा तालुक्यातलं, अडाण नदीच्या बाजूचं. नदीकाठची जमीन काळी, कसदार. वर चढत गेलं की मुरमाड बरड. बरडावर कुसळी, पवन्या, मधेमधे मारवेल, बोरीची झुडपं, एखादा हिवर. त्यातली बरीचशी जमीन ई-क्लासची, म्हणजे सरकारची, म्हणजे कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. ऐंशीच्या दशकात ज्वारी निघाली आणि वावरं मोकळी झाली की आम्ही तिथे जायचो. आम्ही म्हणजे चौघं. एक पुढे एसटीत कंडक्टर झाला, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक सुतारकाम करायचा म्हणून मिस्त्री, आणि चौथा मी, बापाच्या वावरातच राहिलेला. चाळीस वर्षं झाली, गावात तिघांना आता खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. त्यामुळे इथेही तेच चालू द्या.

चालण्याची पद्धत ठरलेली असे. चौघं एका ओळीत, हाकेच्या अंतरावर, आणि बोलायचं नाही. भुरी, मिस्त्रीची गावठी कुत्री, पुढे नागमोडी फिरत असे. बाण मास्तरच्या हातात दोरीला. ससा बीळ करत नाही. ढेकळाच्या किंवा गवताच्या बुडाशी अंगाच्या मापाची खळगी करून तो दिवसभर तीत बसतो, कान पाठीवर चपट करून, डोळे उघडे ठेवून. मानेमागचा काळा डाग तेवढा कधीमधी नजरेला पडतो, तोही ज्याला कुठे बघायचं माहीत आहे त्यालाच. माणूस दोन पावलांवरून निघून गेला तरी तो हलत नाही. माणूस थांबला की मात्र उठतो. चालणाऱ्यानं त्याला पाहिलं नसेल, पण थांबणाऱ्यानं पाहिलं, असा त्याचा हिशेब असावा. म्हणून आम्हीही भुरीवर नजर ठेवून चालत राहायचो. तिला वास लागला की आधी शेपटी थांबायची. मग एक पाय उचललेला तसाच राहायचा. ओठांच्या कडा किंचित थरथरायच्या. भुंकायची नाही, हे तिचं मोठेपण. भुंकणारं कुत्रं शिकारीला नेत नसत.

मग मास्तर दोरी सोडायचा.

ससा सरळ पळत नाही. बाणाचं तोंड शेपटीला लागतंय असं वाटलं की तो जागच्या जागी काटकोनात वळतो, आणि बाण त्याच्या वेगानं पाच-सात हात पुढे निघून जातो. तो सावरून वळेपर्यंत ससा पुन्हा हातभर पुढे. मागचे पाय लांब, म्हणून चढावर ससा जिंकतो. उतारावर त्याची गणितं थोडी चुकतात. आम्ही मोकळ्या बरडावर खालच्या अंगानं वर जायचो नाही, वरून खाली यायचो, ते एवढ्यासाठी. तरीही बहुतेक वेळा ससाच जिंकायचा. तो बोरीच्या जाळीत शिरला की बाण बाहेर उभा, जीभ लोंबती, बरगड्या हलतायत, आणि आमच्याकडे बघतोय की आता काय. कंडक्टर म्हणायचा, "सुटला तं सुटला गड्या. उद्या बी हायच थो." बाणाला पाणी पाजायचं, त्याच्या पंज्यात रुतलेले काटे काढायचे, की पुन्हा ओळ.

ज्या दिवशी मिळायचा त्या दिवशी नदीवर जाळ पेटायचा. सशाच्या अंगात चरबी नसते. नुसता शिजवला तर कोरडा लागतो. त्याला जवसाचं तेल सढळ हातानं घालावं लागे, लसूण, तिखट, मीठ, आणि सोबत घरून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी. काळीज आणि आतडी कुत्र्यांची, त्यात वाद नाही. भुरीला आधी, बाणाला नंतर. पळणाऱ्यापेक्षा शोधणाऱ्याचा मान मोठा, असं मिस्त्रीचं म्हणणं, आणि कुत्री त्याची असल्यानं त्याचं ते म्हणणं फार जोरात असे. चार माणसांत एक ससा म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? खरं सांगायचं तर पोट भाकरीनंच भरायचं.

आता कायद्याचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मूळ रूपात आला तेव्हा त्यात लहान शिकारीची एक वेगळी अनुसूची होती. ससा, तितर असली जनावरं-पाखरं तीत होती आणि परवाना घेऊन त्यांची शिकार करता येत असे. तसा परवाना आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेला नव्हता. १९९१ ची दुरुस्ती आली आणि परवान्याचा तो दरवाजाच बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्या सहाच्या चार झाल्या. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जाळं लावणं, पकडणं, मारण्यासाठी पाठलाग करणं, हाकून आणणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. म्हणजे कुत्रं सोडलं आणि ससा निसटला तरी गुन्हा झालाच.

लोकांना वाटतं की शिकार सोडणारे एका दिवशी हरणाच्या डोळ्यांत बघतात आणि बदलतात. आमच्यात अहिंसा नोकरीच्या ऑर्डरीबरोबर आली. आधी मास्तर लागला, मग कंडक्टर. सरकारी नोकरदारावर गुन्हा दाखल झाला तर काय होतं, हे दोघांना पुरतं कळत होतं. तीन वर्षांपर्यंत कैद ही पुढची गोष्ट, आधी निलंबन. मिस्त्री आणि मी थोडे दिवस चुळबुळलो. पण दोघांची ओळ होत नाही.

बेड्यावरच्या मामांची गोष्ट वेगळी. गावाबाहेर फासेपारध्यांचा बेडा आहे. मामा तिथले. आम्हाला बरडावर चालायला त्यांनीच शिकवलं. त्यांना स्वतःला कुत्र्याची फारशी गरज नसे. त्यांच्याकडे फासे होते, पिंजऱ्यातला पाळीव तितर होता. तो बोलला की त्या टापूतला नर तितर भांडायला धावत येई आणि फाशात पाय अडकवून घेई. गाय शिकवलेली असे, तिच्या आडोशानं चालत चालत ते जनावराच्या इतक्या जवळ जात की आम्ही तोंडात बोट घालायचो. आणि पावसाळ्यात, पाखरं अंड्यावर असताना, मामा फाशाला हात लावत नसत. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "बियाणं खाऊन पेरनी कशी होते पोरा?"

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्या यादीत पारधीही आले. १९५२ साली ते कायद्यानं मिटलं. पोलीसपाटलाच्या डोक्यातून मिटायला अजून वेळ आहे. कायदा आमच्या चौघांसाठी जो होता तोच मामांसाठी होता. पण चौकशी कधी आमच्या वाड्यावर आली नाही, ती बेड्यावरच जायची, चोरी तिसऱ्या गावात झाली तरी. आमची शिकार हौस होती, ती सोडली तर आमचं काही अडलं नाही. त्यांचं पोट होतं. बंदी योग्यच होती असं मी आजही म्हणतो, आणि हेही म्हणतो की तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना बदल्यात फार काही मिळालं नाही. माळावरच्या तणमोराचं घरटं कुठे असतं हे मामांच्या नातवाला आजही माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याला त्या कामाचा पगार मिळाला पाहिजे. काही ठिकाणी असे प्रयत्न झालेही आहेत. आमच्या बेड्यापर्यंत ते पोचलेले नाहीत.

शिकार बंद झाली म्हणून ससे वाढले असतील असं कुणाला वाटेल. आमच्या शिवारात तरी तसं दिसलं नाही. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. ज्वारी होती तेव्हा कडब्याच्या गंजी होत्या, धसकटं होती, धुऱ्यावर कमरेएवढं गवत होतं, आणि बैलांना ते गवत लागत असल्यानं कुणी ते जाळत नव्हतं. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. धुरा तणनाशकानं पिवळा पडतो. धुरा कोरून कोरून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी तो एवढा बारीक केलाय की त्यावरून दोन माणसं एकामागे एकच जाऊ शकतात, आणि तेवढ्यावरून तहसीलीत केस चालू असते. सशानं बसायचं कुठे? आम्ही चौघांनी आणि बाणानं मिळून जेवढे खाल्ले, त्याच्या किती तरी पट या एका फवाऱ्यानं बेघर केले.

ससा कमी झाला आणि डुक्कर वाढलं. रोही, म्हणजे नीलगाय, वाढला. हरभरा घाटे धरू लागला की दोघांच्याही पंगती बसतात. रोही निदान वरून खातो. डुकरांचा कळप एका रात्री येऊन गेला की सकाळी वावर नांगर फिरवल्यासारखं दिसतं. नुकसानभरपाई आहे, अर्ज आहे, पंचनामा आहे, रानडुकराच्या बाबतीत अटींवर मारण्याची परवानगीही मागता येते. पण डुक्कर अर्जाच्या निकालाची वाट बघत थांबत नाही. मग लोक काय काय करतात! जुन्या साड्या बांधतात, लाल, हिरव्या, जरीच्या. अर्ध्या गावाची लग्नं धुऱ्यावर फडफडत असतात. न्हाव्याकडून केस आणून पसरतात. डबडी लटकवतात. पाईपमध्ये कार्बाइड घालून बार काढतात. काही महाभाग थेट विजेच्या तारेचा आकडा कुंपणात सोडतात, आणि त्यात डुकराऐवजी कधी शेजारी मरतो, कधी वाघ. असल्या माणसाला मी शेतकरी म्हणून सहानुभूती देत नाही.

आणि उरते जागल. शेतात रात्र काढायची, मचाणावर नाहीतर झोपडीत. जागलीनं कुत्र्यांना पुन्हा काम दिलं, आणि आम्हा चौघांनाही. कंडक्टर निवृत्त झाला, मास्तर त्याच्या आधीच. मिस्त्रीच्या गुडघ्यांनी त्याला रंध्यापासून सोडवलं. हरभऱ्याच्या हंगामात आळीपाळीनं एकमेकांच्या वावरात जागल करायची असं ठरलं, आणि बाणाच्या नि भुरीच्या वंशाची आताची कुत्री, शेऱ्या आणि पिंगी, सोबत. शेऱ्या डोळ्याचा, पिंगी नाकाची. वाटणी तीच राहिली. काम मात्र पार उलटं झालं.

शिकारीत कुत्र्यानं मागे लागलं की सोडायचं नसतं. जागलीत त्यानं धुऱ्यापर्यंत जायचं आणि परतायचं. धुऱ्यापलीकडे पळणारं जनावर आपलं नाही, आपल्या हरभऱ्यापुरतंच आपलं भांडण. कायदाही तेच सांगतो आणि कुत्र्याचा जीवही. हे शिकवायला आम्हाला जेवढा त्रास झाला तेवढा बाणाला पळायला शिकवताना कधीच झाला नव्हता, कारण पळणं त्याला आईच्या पोटातूनच येत होतं. मास्तरनं शेऱ्याला लांब दोरी बांधून धुऱ्यावर नेलं. पलीकडे दुसऱ्यानं काहीतरी हलवायचं. शेऱ्या झेपावला की धुऱ्याशी दोरी ताठ व्हायची, मास्तर शीळ घालायचा, वळून आला की भाकरीचा तुकडा. पुन्हा. पुन्हा. आख्खा पावसाळा त्यात गेला. मिस्त्री कंटाळून म्हणाला, हे काय, कुत्र्याला भ्याडपणा शिकवून राहिला काय? मास्तर म्हणाला, "छू म्हनाले अक्कल नाई लागत बे. वापस बलावाले लागते." बत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाचं हे मत आहे.

रात्री अकरा-बारानंतर खरी जागल सुरू होते. तोवर गप्पा, पऱ्हाट्यांची शेकोटी, हिरव्या हरभऱ्याचा हुळा. हुळा खाऊन चौघांचीही तोंडं काळी झालेली. मग जाळ खाली बसतो, थंडी वर येते. पिंगी घोंगडीवर मुटकुळं करून पडलेली असते आणि आपल्याला वाटतं की झोपली. पण तिच्या नाकपुड्या चालूच असतात. वारा नाल्याकडून आला की ती मान उचलते. पहिल्यांदा नुसती मान. दुसऱ्यांदा उठून बसते. तिसऱ्यांदा छातीतून एक बारीक गुरगुर येते, इतकी हलकी की हात पाठीवर असेल तरच कळावी. तेवढ्यात शेऱ्या उभा असतोच. त्याला वास लागलेला नाही, त्यानं पिंगीकडे पाहिलंय. मग बॅटरीचा झोत टाकायचा, नाल्याच्या कडेला काळ्या पाठी हलतात, आणि दोन्ही कुत्री भुंकत सुटतात. इथे भुंकायलाच हवं. पिंगीच्या आजीला ज्या गोष्टीसाठी घरी ठेवलं असतं, त्याच गोष्टीवर नातीची भाकर आहे.

डुकराला धरायचं नसतं. त्याच्याभोवती फिरायचं, भुंकायचं, समोरून कधीच जायचं नाही. कळप असला तर तो पळतो. एकट्या सुळेवाल्या नराचा भरवसा नाही. असाच एक नर वळला आणि शेऱ्याच्या बरगडीपासून मांडीपर्यंत चीर गेली. चामडं मागे लोंबत होतं आणि आतलं मांस गुलाबी दिसत होतं, तरी हा शेपटी हलवत आमच्याकडे चालत आला. मिस्त्रीनं त्याचं तोंड पंच्यानं बांधलं, कारण दुखण्यात आपलं कुत्रंही चावतं. मी पाण्यात लाल पोटॅशियम कालवून जखम धुतली, कंडक्टरनं त्याला चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर मांडीवर घेतलं. पहाटे गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना झोपेतून उठवलं. ते आले, टाके घातले, शिव्याही घातल्या. कंडक्टर सांगतो की रस्ताभर शेऱ्यानं त्याच्या मनगटावर तोंड ठेवलं होतं. त्याच्या सांगण्यात तो रस्ता दर वर्षी दोन किलोमीटरनं वाढतो.

त्यानंतर मिस्त्रीनं दोन्ही कुत्र्यांसाठी धनगरांकडे असतात तसे खिळ्यांचे पट्टे केले. डुकरापासून ते फारसे वाचवणार नाहीत. ते बिबट्यासाठी. बिबट्या कुत्र्याला मानेलाच धरतो. आमच्या भागात त्याची चाहूल वाढली आहे. वाघाचं म्हणाल तर तो टिपेश्वरकडे, पांढरकवड्याकडे. तिकडे २०१८ च्या नोव्हेंबरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण मारली गेली, त्याच्या आधीचे दोन हंगाम राळेगावकडच्या सोयऱ्यांनी जागल सोडलीच होती. कापूस वेचायला बायका घोळक्यानं जायच्या आणि एकजण काठी घेऊन नुसता उभा. तिथल्या माणसाला कुत्रं सोबत असण्यानं धीर येतो की कुत्र्यामुळेच जनावर जवळ येतं, यावर सोयऱ्यांमध्ये आजही एकमत नाही.

आता नवं म्हणजे झटका मशीन. सौर प्लेट, बॅटरी, तारा. जनावर तारेला लागलं की धक्का बसतो, मरत नाही, पळतं. सरकारच्या योजनेत अनुदानही आहे. मी स्वतः दोन एकरांना ते बसवलंय आणि त्यानं हरभरा वाचतो हे मान्य करायला माझी हरकत नाही. माणसं रात्री घरी झोपतात. साप चावत नाही, थंडी लागत नाही. बायको म्हणते, मग तुम्ही अजून वावरात कशाला जाता? या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

पण कुत्र्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. जागल संपली तशी वावरातली कुत्री गावात आली. एसटी स्टँडवर, मटणाच्या दुकानामागे, धाब्यावर. त्यांना कुणी हाक मारत नाही, त्यामुळे ती कुणाचं ऐकत नाहीत. सात-आठ मिळून माळावर जातात आणि काळविटाच्या पाडसाला घेरतात. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या हरणांना आज शिकाऱ्याच्या बंदुकीपेक्षा या टोळ्यांची धास्ती जास्त असावी असं मला वाटतं. काम असलेलं कुत्रं कुणाचं तरी असतं. त्याला पट्टा असतो, त्याचा मालक धुऱ्यावर उभा राहून शीळ घालत असतो. बिनकामाच्या कुत्र्याला शीळ घालणारं कुणी नाही. आणि हे मी फक्त कुत्र्यांबद्दल म्हणत नाहीये. पारावर दिवसभर मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांच्या ओळीकडे बघून मिस्त्री हेच म्हणतो, अर्थात बऱ्याच वाईट शब्दांत.

मित्रांचंही तसंच. निवृत्तीनंतर आम्ही चौघं नुसतेच भेटायचो तेव्हा तिसऱ्या चहाला राजकारण निघायचं आणि चौथ्याला भांडण. जागलीत असं होत नाही. कुणाला जाळ सांभाळायचा असतो, कुणाला बॅटरी, कुणाला कुत्री. मधल्या वेळात जे बोललं जातं ते बोललं जातं. मास्तरनं त्याच्या मुलाच्या घटस्फोटाबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या तुरीच्या कडेला, रात्री दोनला, आणि सांगताना तो माझ्याकडे नाही, नाल्याकडे बघत होता. पारावर त्यानं ते कधीच सांगितलं नसतं. मीही त्यावर काही बोललो नाही. तेवढ्यात पिंगीनं मान उचलली आणि आम्ही दोघं उठलो.

म्हणून नाल्याकडची बाजू मी मुद्दाम उघडी ठेवलीय. तिथे तार नाही, साड्या नाहीत. तिथे आम्ही आणि कुत्री. हरभऱ्याच्या दोन-चार ओळी जातात डुकरांच्या पोटात, ते मी जागलीचा खर्च म्हणून धरतो.

कुत्र्यांच्या लसीचं मात्र आम्ही आता कडक केलंय. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग दर वर्षी. त्याशिवाय डिस्टेंपरची. २०१८ मध्ये गीरचे सिंह दगावले त्यात हाच विषाणू सापडला होता, आणि कुत्र्यांतून तो जंगली जनावरांत जाऊ शकतो. बिबट्यानं आमचं कुत्रं नेलं तर निदान आजार तरी नेऊ नये. गावातल्या मोकाट कुत्र्यांनाही टोचावं म्हणून मास्तरनं ग्रामपंचायतीत विषय मांडला. ठराव झालाय. ठरावाची अंमलबजावणी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिला तर मला गावात राहता येणार नाही.

पिंगीनं या दिवाळीत पाच पिल्लं दिली, बाप शेऱ्याच. दोन गेली. उरलेल्या तिघांत एक अगदी बाणाच्या अंगाचं, लांब तोंडाचं. एक पिंगीवर गेलेलं, चोवीस तास जमिनीला नाक लावून. आणि तिसरं ना इकडचं ना तिकडचं, नुसतं खातं आणि झोपतं. मामांच्या नातवानं नाकाचं मागितलंय. त्याला रात्री केळीच्या बागेवर राखणदारी मिळालीय. ते त्यालाच द्यायचं, यावर दुमत नाही. लांब तोंडाचं मास्तरकडे, दोरी आणि शीळ तयार आहे. प्रश्न तिसऱ्याचा. मिस्त्री म्हणतो, कंडक्टरनं न्यावं.

"मी कायले?" कंडक्टर म्हणाला.

"त्याले बी काई काम नाई," मिस्त्री म्हणाला. "तुमचं दोघाईचं जमते."

कंडक्टरनं ते पिल्लू उचललं, उलटं करून पोट पाहिलं, तोंड उघडून टाळू पाहिला. टाळू काळा होता. काळ्या टाळूचं कुत्रं तिखट निघतं असं आमच्याकडे मानतात. त्यानं काही न बोलता ते शर्टाच्या आत घातलं आणि विचारलं, "पयली सुई कवा द्याची म्हन्ला?"